पाडायचं की उतरवायचं

मे महिन्यात आणि चतुर्थीला गाव भरला की आमच्याकडे एक रडगाणं हमखास ऐकू येतं. पूर्वी ते भाताच्या भावाचं असे, मग रस्त्याचं झालं. हल्ली ते झाड तोडणाऱ्याच्या मजुरीचं असतं. "अठ्ठावीस हजार? फणस तोडूचो हा काय सोन्याची कुऱ्हाड घेवची हा?" खळ्यात खुर्च्या टाकून बसलेली चार डोकी माना डोलावतात, कुणीतरी म्हणतं की गावची माणसं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, शहरापेक्षा लबाड झाली. मग चहा येतो.

मी गावातच राहतो. या मजुरीच्या भांडणात गेल्या दहा-बारा वर्षांत मला अनेकदा मध्यस्थ म्हणून बोलावलं गेलंय. माझी बाजू ठरलेली आहे आणि ती इथे उघड लिहून टाकतो. अठ्ठावीस हजार जास्त नाहीत, कमी आहेत. माझ्या या मतामुळे दोन भाऊबंद माझ्याशी धड बोलत नाहीत, त्यालाही आता सवय झाली.

रागाचं मूळ मला कळतं. माझ्या आजोबांच्या वेळी झाड तोडायला पैसे द्यावे लागत नसत, मिळत. लाकडाचा व्यापारी घरी यायचा, आंब्याच्या खोडाला कवेत घेऊन अंदाज बांधायचा, खळ्यात बसून सुपारी कातरत भाव करायचा आणि इसार देऊन जायचा. माणसं त्याची, करवत त्याची, गाडी त्याची. झाड जायचं आणि लग्नाचा मांडव उभा राहायचा. त्या काळी झाड म्हणजे मागीलदारी उभी असलेली ठेव होती. आज तीच ठेव मोडायची तर वरून पैसे भरा म्हणतात, हे साठीच्या माणसाच्या गळी उतरत नाही.

पण तो व्यापारी का नाहीसा झाला, हे कुणी स्वतःला विचारत नाही. हापूस लाकडी पेटीतून मुंबईला जायचा, आता पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो. कौलारू घराला वासे, रिपा, भाल लागायचे. आता स्लॅब पडतो. चुलीला जळण लागायचं. आता दाराशी सिलिंडर येतो. कपाटं प्लायवूडची, दारं कारखान्यातून घडून आलेली, होड्या फायबरच्या. आंब्याच्या लाकडाला आता स्मशानाशिवाय खात्रीचं गिऱ्हाईक उरलं नाही म्हटलं तरी चालेल. फणसाला अजून मान आहे. पिवळं, न किडणारं लाकूड. देव्हाऱ्याला, दाराच्या चौकटीला, पखवाजाच्या खोडाला लोक आजही शोधतात. पण तो मान सरळ, लांब, निरोगी खोडाला. मागीलदारच्या फणसाला आम्ही चाळीस वर्षं काय काय ठोकलेलं असतं ते आठवा. कपडे वाळत घालायची तार, आकाशकंदिलाचा खिळा, गोठ्याच्या पत्र्याची पट्टी, कुठल्याशा निवडणुकीतल्या उमेदवाराची पाटी. झाड हे सगळं पोटात घेतं, वरून साल भरून येते, आणि गिरणीत करवतीचं पातं त्या खिळ्यावर आदळलं की दात उडतात. म्हणून गिरणीवाला घराजवळच्या झाडाचं खोड लांबूनच बघतो आणि नको म्हणतो. "लाकूड घेऊन जा की, वर पैसे कसले मागतोस?" असं आमचे लोक तोऱ्यात म्हणतात, तेव्हा ते लाकूड म्हणजे त्या गरिबाच्या डोक्याला आणखी एक ओझं असतं. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही सगळी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं. ती तोडायला वन खात्याची परवानगी लागते, लाकूड रस्त्यावरून न्यायचं तर पास लागतो. अर्ज करायचा तर सातबाऱ्यावर सव्वीस नावं, त्यातली नऊ कैलासवासी. ते कागद गोळा करायला कोण फिरतो? मजुरी मागणाराच.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एक तोडणारा मेस्त्री आहे, त्याचं नाव लिहीत नाही कारण त्याला ते आवडणार नाही. तो झाडाखाली येतो, मान वर करून पाच मिनिटं काही बोलत नाही, आणि मग एकच प्रश्न विचारतो. "पाडूचो काय उतरवचो, ता आधी सांगा."

सगळा हिशेब या दोन शब्दांत आहे. रानात, भरडावर, मोकळ्या जागेत झाड पाडतात. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला बुंध्याला खाच घ्यायची, उलट्या अंगाने करवत लावायची, दोर ओढायचा, बाजूला व्हायचं. मोठं झाडदेखील सकाळच्या न्याहारीपूर्वी आडवं होतं. पण मागीलदारी ते पडणार कुठे? एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला न्हाणी आणि विहीर, तिसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा गडगा आणि त्यापलीकडे त्याची नवी गाडी, वरून विजेची तार. तिथे झाड पाडता येत नाही, उतरवावं लागतं. म्हणजे ज्या झाडाला वाढायला सत्तर वर्षं लागली ते हातभर-हातभर तुकड्यांत दोराने खाली आणायचं, एखाद्या म्हाताऱ्याला डोलीतून उतरवावं तसं.

माझ्या काकीच्या मागीलदारचा फणस असा उतरवला, तेव्हा मी तिन्ही दिवस खळ्यात बसून होतो. बुंधा दोन माणसांच्या कवेत न येणारा, एक फांदी थेट माजघराच्या कौलांवरून पलीकडे गेलेली. आत पोकळी आहे हे मेस्त्रीने कोयत्याच्या पाठीने ठोकूनच ओळखलं. पोकळ झाड सर्वांत वाईट, कारण ते कुठे तुटेल याचा भरवसा नाही आणि चढणाऱ्याला त्याच झाडावर उभं राहायचं असतं. पहिल्या दिवशी फक्त शेंडे आणि बारीक फांद्या. दुसऱ्या दिवशी ती कौलांवरची फांदी. तिला दोन ठिकाणी दोर बांधले. एक दोर वरच्या बेचक्यातून घेऊन समोरच्या आंब्याच्या बुंध्याला तीन वेढे दिले, आणि त्या वेढ्यांवर एक पोरगा उभा केला. हा वेढ्यावरचा पोरगा फार महत्त्वाचा. फांदी सुटली की तिचा सगळा भार त्या वेढ्यांवर येतो. त्याने दोर एकदम सोडला तर फांदी घरात, आणि धरूनच ठेवला तर ती झोका घेऊन वरच्या माणसावर येते. थोडं थोडं सोडायचं, वरच्याच्या आवाजाबरहुकूम.

वर मेस्त्री कमरेला दोर बांधून उभा. फांदीला आधी खालून चीर, मग वरून काप; खालून चीर न देता कापली तर फांदी झुकताना साल सोलत येते आणि कापणाऱ्याच्या पायाखालचं लाकूड फाडून नेते. एका हातात चालू करवत. फणसाचा चीक हाताला, दोराला, करवतीला. फांदीच्या टोकाला तांबड्या मुंग्यांची दोन घरटी होती, त्या सगळ्या त्याच्या मानेवर उतरलेल्या. आणि अशा वेळी हात झटकायचा नसतो. खाली काकी देवाजवळ दिवा लावून बसली होती. फांदी सुटली, हवेत एकदा गरकन फिरली, पोरग्याच्या दोराचा वेढ्यावर घासून धूर निघाला, आणि ती पडवीपासून दोन हातांवर मांडी घालून बसावी तशी टेकली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेस्त्रीने वरून विडी मागितली.

काम सकाळी सात ते अकरा. अकरानंतर समुद्राकडचा वारा वाढतो, मग वर कुणी चढत नाही. आमचे शहरातले पाहुणे घड्याळ बघून म्हणतात, "चार तास काम आणि दिवसाची मजुरी!" या विद्वानांना एकदा तरी त्या फांदीवर सकाळी आठ वाजता, दवाने साल ओली असताना, नुसतं उभं करून बघावं असं मला फार वाटतं. करवत हातात द्यायचीसुद्धा गरज नाही.

त्या अठ्ठावीस हजारांचा हिशेब मी मेस्त्रीकडून वहीवर लिहून घेतला, कारण मला भांडायला कागद लागतो. चढणारे दोन, रोज दोन हजार, तीन दिवस: 12,000. खालचे तीन, रोज आठशे: 7,200. करवतीचं पेट्रोल, ऑइल, साखळीला धार आणि एक साखळी तुटली ती: 2,500. फांद्या-पाला टाकायला टेंपोच्या खेपा: 3,000. झाले 24,700. उरले 3,300. त्यातून नवीन दोर, कारण धूर निघालेला दोर पुन्हा कुणी वापरत नाही. त्यातूनच अकरा कौलं, जी फुटली. वन खात्याकडे मारलेले चार हेलपाटे कुठेच धरलेले नाहीत. वीज बंद करून घ्यायला केलेले फोन धरलेले नाहीत. आणि एक रकाना वहीत मोकळाच राहिला. तो मी त्याला विचारला, तर म्हणाला, "माझो जीव कितक्याचो, ता तुमीच सांगा."

तो रकाना कुणीच भरत नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा नावाची अपघात विमा योजना आहे, पण ती माडापुरती. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, त्यात मृत्यूला दोन लाख मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाला. आमच्या मेस्त्रीचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. त्याच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीत झाडं लावली, तो दुसऱ्याच्या जमिनीतली झाडं उतरवतो. पडला तर मालक फार तर जिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी देईल, पाच-दहा हजार हातावर ठेवील, आणि पुढल्या मे महिन्यात खळ्यात बसून म्हणेल की हल्ली जपून काम करत नाहीत लोक.

माझा एक पुतण्या न्यू जर्सीत आहे. त्याच्या घरामागे ओकचं झाड होतं, वादळात त्याची एक फांदी मोडली म्हणून त्याने ते काढून घेतलं. तिकडच्या कंपनीने बत्तीसशे डॉलर घेतले, आपले अडीच लाखांच्या वर. बुंधा जमिनीखालपर्यंत खरवडून काढायचे वेगळे. पोरगा हौसेने व्हिडिओ दाखवत होता: कसे हेल्मेट, कसे पट्टे, कशी क्रेन, आणि काम सुरू व्हायच्या आधी विम्याचं प्रमाणपत्र त्याच्या हातात. "काका, माणूस पडला तर माझ्यावर केस यायला नको ना!" याच पुतण्याने गेल्या वर्षी फोनवरून इथल्या मेस्त्रीशी तीन हजारांसाठी अर्धा तास घासाघीस केली. तिकडे विमा मागायचा आणि त्याचे पैसे मुकाट भरायचे. इकडे विम्याचं नाव काढायचं नाही आणि वर भाव पाडायचा. लाकूडतोड हे जगातल्या सर्वांत जीवघेण्या कामांपैकी एक आहे, अमेरिकेत सरकारी आकडेवारीच तसं सांगते. आमच्या खळ्यातला फणस काही कमी उंच नसतो.

पण नुसती मजुरीची बाजू घेऊन मी थांबणार नाही. हा खर्च आला कुठून, हेही बघायला हवं. तो एका दिवसात आलेला नाही, ती तीस वर्षांची थकबाकी आहे.

पूर्वी आमच्याकडे कुठलंच झाड पाच वर्षं कोयत्याशिवाय राहत नसे. थंडी सरली की तरव्याची भाजावळ करायला ऐन-किंजळीचं कवळ तोडायचे. घराजवळच्या आंबा-फणसाच्या वाळक्या आणि कौलांकडे वळलेल्या फांद्या पावसाआधी जळणासाठी उतरवायचे. त्यासाठी माणूस बोलवावा लागत नसे, घरातलाच कुणीतरी चढे. झाडाची हजामतच ती. मग शेती सुटली, तरवा राहिला नाही, गॅस आला, घराला कुलूप लागलं. झाडं मात्र वाढत राहिली. चाकरमानी वर्षातून दोनदा येऊन फणस खाऊन गेला, वर बघितलं नाही. घरापासून आठ हातांवर लावलेलं रोप तीस वर्षांनी घराच्या डोक्यावर बसलं.

मग 16 मे 2021 ला तौक्ते आलं. आमच्या किनाऱ्याला त्या एका दिवसात किती घरांवर झाडं बसली ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. वीज कित्येक दिवस नव्हती. वर्षभर आधी, 3 जून 2020 ला, उत्तरेकडे श्रीवर्धन-दापोलीकडे निसर्ग वादळाने तेच केलं होतं. तेव्हा सरकारने माडाला झाडामागे 250 रुपये आणि पोफळीला 50 रुपये मदत लावली. आडवा पडलेला माड तोडून बाजूला सारायलाच त्याहून जास्त लागतात. त्या वादळांनंतर सगळ्या कुलूपबंद घरांचे मालक एकदम जागे झाले आणि एकाच मेस्त्रीच्या मागे लागले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस डोक्यावर असताना, शंभर माणसं एकाला बोलावणार, आणि मग भाव वाढला म्हणून शंख करणार. हेच काम पौष-माघात सांगा, फांद्या हलक्या असतात, वारा पडलेला असतो, तो दोन पैसे कमीही घेईल. पण पौष-माघात मालक मुंबईत असतो.

आणि गंमत म्हणजे तोडू नका असं सांगणारा माणूसही बहुधा मेस्त्रीच असतो. काकीच्या फणसाला इलाज नव्हता, तो पोकळ होता. पण तिच्या दिराच्या आंब्याखाली उभा राहून तो स्पष्ट म्हणाला, "ह्यो कित्याक पाडतास? दर दोन वर्सांनी हलको केल्यात तर आणखी पन्नास वर्सा काय होवचा नाय." हलकं करायचे त्याने सहा हजार सांगितले, पाडायचे बावीस. स्वतःचे सोळा हजार सोडून तो झाड वाचवत होता. मालकाने काय केलं? पाडलं. का, तर "दर दोन वर्षांनी कोण कटकट करणार?" हा माणूस मुंबईला आपल्या सोसायटीच्या गटात झाडं वाचवा म्हणून रोज सकाळी चित्रं पाठवतो. शहरात त्याच्या इमारतीपुढचं पन्नास वर्षांचं झाड तोडायचं तर 2021 च्या सुधारणेनंतर त्याला वारसा वृक्ष म्हणतात, जितकं वय तितकी नवी झाडं लावायची अट येते. गावच्या आंब्याला तसला मान नाही. त्याचं रक्षण करायचं ते मेस्त्रीच्या प्रामाणिकपणाने, ज्याला आपण लबाड म्हणतो.

आणखी एक नवी तऱ्हा निघालीय. तोडणावळ वाचवायची म्हणून कुणी कुणी जेसीबी बोलावतात. कुंपणाच्या पायाचं निमित्त करून एका बाजूची मुळं खणून काढतात आणि पुढच्या पावसात झाड आपोआप जाईल याची वाट बघतात. झाड जातं. कुणीकडे जाईल ते झाडाने अजून कुणाला विचारलेलं नाही. आमच्या वाडीत असं एक शेजाऱ्याच्या गोठ्यावर गेलं, दोन म्हशी मेल्या. त्यांची भरपाई, गोठ्याचं छप्पर आणि नंतर मेस्त्रीला बोलावून ते झाड गोठ्यावरून उतरवण्याची मजुरी मिळून मूळ तोडणावळीच्या तिप्पट खर्च झाला. पडलेलं झाड उतरवणं उभ्या झाडापेक्षा अवघड, कारण कुठली फांदी कशावर ताणून बसलीय ते कळत नाही. एक कापली की दुसरी उसळते. तरी मालक अजून म्हणतो की मेस्त्रीने संधी साधली.

माझं म्हणणं एवढंच आहे की वहीतला तो मोकळा रकाना आता भरा. कमरेचा पट्टा, हेल्मेट आणि दोन चांगले दोर ग्रामपंचायतीने घेऊन ठेवायला किती लागतात? गणपतीच्या एका दिवसाच्या डेकोरेशनएवढेही नाहीत. पोस्टात वर्षाला काही शे रुपयांत अपघात विमा मिळतो. झाडाचा मालक आणि मेस्त्री मिळून तो काढू शकतात, आणि काम सांगण्यापूर्वी तो काढलाय का हे विचारणं मालकाचं काम आहे, न्यू जर्सीत जसं आहे तसंच. मी हे गेल्या ग्रामसभेत मांडलं. सात जण होते. दोघांनी हात वर केला, एकाने विचारलं की याला निधी कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, आणि मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. पुढल्या सभेत पुन्हा मांडणार आहे. मेस्त्रीचा विमा मात्र काकीने स्वतःच काढला, तिसऱ्या दिवशी तो खाली उतरल्यावर, त्याच्या मजुरीतून एक पैसा न कापता. काकी चौथीपर्यंत शिकलेली आहे.